आरोग्याचे आकडे खुले, वाचन मात्र जपून

मुंबई, खास प्रतिनिधी - राज्यातील किती बालके खुजी आहेत, किती महिलांना रक्तक्षय आहे, हे जाणून घेण्यासाठी आता सरकारी कचेऱ्यांत खेटे घालावे लागत नाहीत. 'स्टॅटकम्पायलर' या संकेतस्थळावर देश, राज्य, वर्ष व निर्देशांक निवडला की तक्ता किंवा आलेख पडद्यावर उमटतो. 'डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचे हे साधन. भारताची माहिती त्यात येते ती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून ही पाहणी करीत आली आहे. कुणाचेही नाव उघड न करता एकत्रित टक्केवारी तेवढी वाचकापुढे येते.

सोय मोठी, आणि फसगतीची शक्यताही तेवढीच. पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे महाराष्ट्रातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ३५.२ टक्के भरले. आलेखाची रेघ शेवटी वर वळते, आणि 'कुपोषण वाढले' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ही नमुना पाहणी आहे; एक टक्क्याहून कमी फरक नमुन्याच्या चढउतारातही सामावतो. चिंतेची बाब वाढ नव्हे, तर दशकभर झपाट्याने होणारी घट थांबली ही आहे. त्याचे खापर कोरोनावरही फोडता येत नाही. महाराष्ट्र पाचव्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात होता आणि त्या टप्प्यातील घरोघरचे काम जानेवारी २०२० अखेर, म्हणजे टाळेबंदीपूर्वीच आटोपले होते. '२०१९-२१' या शीर्षकावरून ते कळत नाही.

जिल्ह्यांचे अहवाल चाळताना अधिक सावध राहावे लागते. चौथ्या पाहणीने २०११ च्या जनगणनेतील जिल्हे धरले होते. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला असला, तरी जव्हार-मोखाड्याची बालके त्या पाहणीत ठाण्याच्याच खाती होती. पाचव्या पाहणीत दोन्ही जिल्हे स्वतंत्र आहेत. ठाण्याचे दोन आकडे शेजारी ठेवून प्रगतीचा दावा करणाऱ्याने त्यातला किती भाग केवळ नकाशा बदलल्याचा, हे आधी तपासावे.

रक्तक्षयाचा प्रश्न याहून बिकट आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील त्याचे राज्यातील प्रमाण चौथ्या पाहणीत ५३.८, तर पाचवीत ६८.९ टक्के होते. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरील ही चाचणी कितपत विश्वसनीय, असा वाद तज्ज्ञांत झाला. सहाव्या पाहणीतून ती वगळण्यात आली आणि शिरेतून रक्त घेणाऱ्या स्वतंत्र सर्वेक्षणाकडे हे काम सोपविण्याचे ठरले. नवी पद्धत अधिक अचूक आहे, हे मान्य. तथापि तिचा आकडा कमी आला, तर रक्तक्षय घटला की मोजमाप बदलले, हे जुन्या आलेखाला जोडून सांगता येणार नाही. लोहाच्या गोळ्यांवर झालेल्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होणार आहे.

खुद्द कार्यक्रमालाही धक्का बसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने विदेशी मदतीला कात्री लावली आणि त्याचे काम खंडित झाले. भारतातील पाहणी केंद्र सरकार करते, त्यामुळे ती त्यावर अवलंबून नाही. महाराष्ट्राला नेपाळ वा बांगलादेशच्या शेजारी ठेवून, एकाच साच्यात पाहण्याची सोय मात्र त्याच कार्यक्रमाची आहे.