ओढ्याला भोंगा नसतो

ईसापूर धरणातून पाणी सोडायचे ठरले की पैनगंगेकाठच्या गावांना आधी सतर्कतेचा इशारा मिळतो. कळमनुरी तालुक्यातल्या ओढ्या-नाल्यांची अशी वर्दी कोणी देत नाही. विजांच्या कडकडाटात कोसळणाऱ्या पावसात जिवावर बेतते ते मात्र याच ओढ्यांवर.

गडगडाटी ढग थोड्याच शिवारावर, पण तासाभरात रिता होतो. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होते. जूनमध्ये भेगाळलेली काळी जमीन पहिले पाणी पिऊन टाकते. भाद्रपदापर्यंत ती फुगून भेगा मिटतात आणि पाणी न मुरता उताराने ओढ्यात उतरते. म्हणूनच पाऊस वरच्या शिवारात पडतो आणि लोंढा खालच्या कोरड्या गावात येतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काडीकचरा वाहू लागला, वरून घोंघावणारा आवाज आला, तर तेव्हाच पात्र सोडून उंचावर जायला हवे. गुरे सोडवण्यासाठीही मागे फिरू नये.

जुलै २०२२मध्ये शेजारच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीच्या पावसात कयाधू नदीही दुथडी वाहिली.

सर्वांत घातक जागा म्हणजे कमी उंचीचा फरशी पूल. सांजवेळी शेतातून परतणाऱ्याला पाणी गुडघाभरच दिसते. खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे काठावरून कळत नाही. वेगाच्या वीतभर पाण्यातही पाय सुटतो, दोन फुटांत जीप वाहून जाते. लहान ओढ्याचा पूर बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ अलीकडच्या गावात काढावा. झाडाखाली थांबू नये, तिथे विजेचे भय असते.

सरकारी अतिवृष्टी मोजली जाते ती महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या हिशेबाने. ती भरपाईला उपयोगी. तासाभराच्या लोंढ्याला नाही, कारण ढग पर्जन्यमापकाला चुकवून पलीकडच्या शिवारात फुटू शकतो. प्रशासनाने प्रत्येक फरशी पुलावर पाण्याची उंची दाखवणारा रंगवलेला खांब आणि दोन्ही टोकांना आडवा लावता येणारा दांडा बसवावा. ही कामे पावसाळ्याआधीच व्हायला हवीत. वरच्या गावच्या पोलीस पाटलाने ओढा चढताच खालच्या गावाला फोन करावा, ही जबाबदारी लेखी नेमून द्यावी. खालच्या गावाने तो फोन येताच दांडा आडवा टाकावा.