दुभाष्याची स्टेन्सिल

मोबाईलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एखादा रकाना चुकला की लगेच लाल अक्षरे येतात. हे काम बहुधा जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा करते. ब्रेंडन आईक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली.

यंत्राला ही भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी बसवतात, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो एकेका सूचनेचा अर्थ लावतो आणि काम करवून घेतो. तीच सूचना हजार वेळा आली, तर बिचारा हजार वेळा अर्थ लावत बसतो!

यावरचा उपाय जुन्या कार्यकर्त्यांना चटकन समजेल. एकच पत्र असले तर आपण हाताने लिहीत असू. सभेच्या दोनशे नोटिसा हव्या असल्या, तरच स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल करत असू, कारण कापायलाही वेळ जाई. 'जस्ट-इन-टाइम' कंपायलर, थोडक्यात जिट, हेच करतो. प्रोग्रॅम चालू असतानाच कोणता भाग पुन्हा पुन्हा येतो हे तो मोजतो आणि तेवढ्याच भागाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करून ठेवतो.

तो अंदाजही बांधतो. एखाद्या जागी सतत आकडाच येत असेल, तर पुढेही आकडाच येईल असे धरून सूचना आखूड करतो. तिथे अचानक अक्षरे आली की ती स्टेन्सिल बाद, काम पुन्हा साध्या मार्गाने. चुकीचे उत्तर पुढे जात नाही. आपला अंदाज इतक्या मुकाट्याने सोडणे माणसांना कुठे जमते?

डेन्मार्कचे लार्स बाक यांनी हे तंत्र आधी सेल्फ आणि जावा या भाषांसाठी हाताळले होते. २००८ साली गूगलच्या क्रोममध्ये त्यांचे व्ही-८ हे इंजिन आले आणि त्याच जुन्या संगणकावर जावास्क्रिप्ट कितीतरी वेगाने धावू लागली.

पण व्ही-८ मध्ये दुभाषी ठेवलाच नव्हता. एकदाच लागणाऱ्या पत्राचीही स्टेन्सिल! अशा स्टेन्सिलींनी कपाट भरते, म्हणजे फोनची मेमरी भरते. महागड्या यंत्रावर बसणाऱ्याला हे लवकर जाणवत नाही. स्वस्त फोन मात्र अडखळतो, आणि घरात तोच एक फोन असला तर मुलांचा अर्जही अडतो. अखेर २०१६ साली 'इग्निशन' नावाचा दुभाषी बसवला गेला. तो आधी दिला ५१२ एमबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनना. बाकीच्यांना तो २०१७ साली मिळाला.