चिमणीतला कावळा

पितृपक्ष आला की आपल्यापैकी अनेकांच्या मागल्या अंगणात भाताचे पान ठेवले जाते. क्लोनडॉकिनला आपल्या गावचा कावळा नाही, पण पानाला शिवायला कोणीतरी येतेच. बहुधा तो जॅकडॉ असतो: कावळ्याहून लहान, मानेमागे राखी, डोळे फिकट. हाच पाहुणा वसंतात घराच्या धुराड्यात काटक्या टाकू लागला की आपण त्याला शिव्या घालतो. भाद्रपदात पितर आणि चैत्रात चोर, हा न्याय आम्हांस पटत नाही.

पाखरांपासून राखण करणे आपल्याला नवे नाही. जोंधळा दाण्यावर आला की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी माणसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतांत होती. पण नुसता आरडाओरडा म्हणजे राखण नव्हे. कोणते पाखरू केव्हा आणि कोठे उतरते, हे राखणदाराला ठाऊक असे. येथेही आधी चोर ओळखावा, मग काठी उचलावी.

परसातल्या कोबीची पाने फाटून नुसत्या शिरा उरल्या आणि भोवती विष्ठा पडली असेल, तर ते काम वुडपिजन या मोठ्या रानकबुतराचे. पानांना भोके आणि जवळ चकाकता ओघळ दिसला, तर ती रात्रीची गोगलगाय. तिच्यासाठी कबुतराला बोल लावू नये. हिरवळीचे तुकडे उपटून उलटे पडले असतील, तर मॅगपाय, रूक किंवा जॅकडॉ यांनी मातीतल्या अळ्या शोधल्या असे समजावे. गवताची मुळे खातात त्या अळ्या. तेथे पक्षी रोगी नव्हे, वैद्य आहे.

धुराड्याची गोष्ट मात्र निराळी. मराठीत चिमणी म्हणजे पाखरूही आणि धुराडेही. जॅकडॉने जणू हा शब्द खरा करून दाखवला आहे. तो वरून काटक्या टाकत राहतो, त्यातली एखादी आत अडकते आणि तिच्यावर घरटे उभे राहते. विझलेल्या शेगडीत काटक्या किंवा लोकर पडलेली दिसली, तर तेथे आग मुळीच पेटवू नये. कोंडलेला धूर घरात येतोच, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. शेगडीच्या खोलीत त्याची सूचना देणारे यंत्र असावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. कोबी गेली तर पुन्हा लावता येते.

म्हणून वसंतात घरटे उपसून काढावे काय? नाही. १९७६ च्या वन्यजीव कायद्याने आयर्लंड प्रजासत्ताकात वन्य पक्ष्यांना व त्यांच्या घरट्यांना संरक्षण दिले आहे. नुकसान करणाऱ्या काही जातींबाबत सरकार अटींवर सवलत जाहीर करते; पण ती ऐकीव माहितीवर गृहीत धरू नये, राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव सेवेकडे आधी विचारावे. कुंपणाची झाडी तोडण्यासही १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात, काही अपवाद सोडून, मनाई आहे. वसंतात घरटे दिसलेच तर पिले उडून जाईपर्यंत शेगडी बंद ठेवावी. दोन महिने थंडी सोसणे हे माणसाच्या आवाक्यातले आहे.

खरा उपाय पाखरू येण्याआधीचा. कोबीवर कमानी रोवून जाळी ताणून बसवावी. सैल जाळीत पक्षी अडकतो, म्हणून ती रोज पाहावी. बुजगावणे व चकाकत्या तबकड्या दोन-चार दिवस कामी येतात, पुढे पाखरे त्यांच्यावरच बसतात. त्यांची जागा बदलत राहावी. धुराडे जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावे आणि तोंडावर तारेची टोपी बसवावी, हवा मोकळी राहील अशी.

आणि याची वेळ? सप्टेंबर. तेव्हा पिले उडालेली असतात आणि घरात पहिली आग पेटायची असते. म्हणजे नेमका आपल्या पितृपक्षाच्या आगेमागे! पंचांगाने दिलेली ही आठवण आपण वाया का घालवावी? पान मांडावे, घासापुरतेच मांडावे, आणि उरलेले संध्याकाळपूर्वी उचलावे. नाहीतर पितरांच्या मागोमाग उंदीरही जेवायला येतात. मग मान वर करून धुराड्याकडे एकदा पाहावे.

कावळ्याला घास देणे हा आपला धर्म, आणि घरातल्या माणसांचा श्वास राखणे हाही. एकाच दिवशी दोन्ही साधत असतील, तर वाचकहो, येत्या पितृपक्षात ते टाळू नका.