शकुंतला थांबली, तिच्या स्टेशनांच्या जागांचं काय?

तिवशाला रेल्वे नाही. गाडी पकडायची म्हटलं की आम्ही चांदूर रेल्वे, बडनेरा नाहीतर अमरावती गाठतो. वर्धा नदीच्या पलीकडे आर्वीला मात्र एकेकाळी रेल्वे होती. पुलगाव ते आर्वी ही 35 किलोमीटरची नॅरोगेज लाईन कित्येक वर्षांपासून बंद आहे. इकडे वऱ्हाडात मूर्तिजापूर–अचलपूर ही 76 किलोमीटरची आणि मूर्तिजापूर–यवतमाळ ही 113 किलोमीटरची लाईन, म्हणजे आपली ‘शकुंतला’, तीही थांबली. गाडी पुन्हा कधी सुरू होणार, हे सगळेच विचारतात. स्टेशनांच्या जागांचं काय होणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या मते हा प्रश्नही तितकाच तातडीचा आहे.

या जागा काही आडरानातल्या नाहीत. अचलपूर, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ ही सगळी बाजारपेठेची गावं. गाव वाढत गेलं आणि गावाबाहेरचं स्टेशन हळूहळू वस्तीत आलं. आज तिथे एकरांनी मोकळी जमीन, जुनी दगडी इमारत आणि मोठी झाडं आहेत. यातल्या बहुतेक गावांत मुस्लिम वस्ती मोठी आहे. स्टेशनाच्या आसपास टांगेवाले, हमाल, चहावाले आणि फळवाले यांचं पोट चालायचं. त्यांतली कितीतरी घरं आपलीच.

मालक कोण?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला नेण्यासाठी ही लाईन टाकली गेली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या छत्राखालील सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी शकुंतला त्यातून सुटली. गाडी मध्य रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा, असा व्यवहार अनेक दशकं चालला. मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढत होतं. म्हणून पहिला प्रश्न कागदाचा आहे. आपल्या गावातल्या स्टेशनाच्या जागेवर सातबाऱ्यात किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं? कंपनीचं, रेल्वेचं की राज्य सरकारचं? हे कळल्याशिवाय निवेदन कोणाला द्यायचं हेच ठरत नाही.

आधी रुळांसाठी जागा

आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. पर्यायी वापराच्या नावाखाली रुळांचा पट्टाच बुजवला जाऊ नये. 2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना शकुंतलेच्या ब्रॉडगेजची घोषणा झाली होती. ती अजून कागदावर असली, तरी लाईन परत येऊ शकते, हे अकोटने दाखवलंय. अकोला–खंडवा मीटरगेज 2017 मध्ये बंद झाली. अकोला–अकोट भागाचं रुंदीकरण होऊन 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पुन्हा गाडी धावली. पट्ट्यावर इमारती उभ्या राहिल्या असत्या, तर भूसंपादनातच पिढी गेली असती.

पण लाईन परत आली, तरी स्टेशन जुन्याच जागी येईल असं नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग होतोय. त्याचा वर्धा–कळंब टप्पा 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. यवतमाळच्या नव्या रेल्वेचा शकुंतलेच्या जुन्या आवाराशी संबंध नाही. म्हणजे रुळांना लागेल तेवढी जागा राखूनही बरीच जमीन उरते. खरा वाद त्या उरलेल्या जमिनीचा होणार आहे.

दोन वाटा

रेल्वेच्या रिकाम्या जमिनींचा व्यापारी विकास करण्यासाठी रेल भूमी विकास प्राधिकरण आहे. जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्यायची आणि रेल्वेला पैसा मिळवून द्यायचा, हे त्याचं काम. मोक्याच्या जागेवर मॉल किंवा कॉम्प्लेक्स उभा राहतो, पण त्यात गावाच्या वाट्याला काय येतं, हे कोणी आधी विचारत नाही.

दुसरी वाट जगात अनेक ठिकाणी दिसते. पॅरिसमध्ये 1900 साली बांधलेलं ओर्से स्टेशन 1986 मध्ये संग्रहालय झालं. आपल्याला जवळचं उदाहरण मदिनेचं आहे. दमास्कसहून निघालेली हिजाझ रेल्वे 1908 मध्ये मदिनेला पोहोचली. त्या कामासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही चंदा दिला होता. पहिल्या महायुद्धात लाईन उद्ध्वस्त झाली, पण मदिनेचं स्टेशन पाडलं गेलं नाही. आज तिथे संग्रहालय आहे. हज-उमराहला गेलेल्या आपल्यापैकी काहींनी ते पाहिलंही असेल.

आपल्या गावांना मोठं संग्रहालय नको. पण अंजनगावच्या किंवा दारव्ह्याच्या मुलींना अभ्यासिका हवी आहे. घरात दोन खोल्या आणि सात माणसं असताना स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कुठे करायचा? जुन्या इमारतीत वाचनालय आणि अभ्यासिका, मालधक्क्याच्या जागी आठवडी बाजार, झाडांखाली म्हाताऱ्यांना बसायला जागा, एका बाजूला शकुंतलेच्या इतिहासाची खोली. याला फार कोटी लागत नाहीत.

राहणाऱ्यांचं काय?

बंद स्टेशनाभोवती झोपड्या आणि टपऱ्या येतातच. ‘विकास’ आला की पहिला बुलडोझर त्यांच्यावर चालतो. हल्द्वानीचं प्रकरण आपण विसरलेलो नाही. रेल्वेच्या जमिनीवरून चार हजारांहून अधिक कुटुंबं हटवण्याचा आदेश 2022 च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिला. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि 2024 मध्ये सरकारला पुनर्वसनाची योजना आखायला सांगितलं. यातला धडा दोन्ही बाजूंना आहे. माणसांना एका रात्रीत उठवता येत नाही. पण सरकारी जमिनीवर नव्याने घर बांधणाऱ्यानेही मुलांचं आयुष्य टांगणीला लावतोय हे ओळखावं. कोणी पैसे घेऊन अशा जागा ‘विकत’ असेल, तर ती उघड फसवणूक आहे. टपरीवाल्यांनी मात्र 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली नगरपरिषदेच्या सर्वेक्षणात नाव नोंदवून घ्यावं. हटवण्याची वेळ आली, तर हाच कागद कामी येतो.

आता काय करायचं?

माहिती अधिकारात एक अर्ज करा आणि जागेची मालकी, क्षेत्रफळ आणि चालू प्रस्ताव विचारा. नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात या जागेवर कोणतं आरक्षण आहे ते पाहा. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात, त्याला ठरावीक मुदत असते. आपल्या मोहल्ल्यातून अशा किती सूचना जातात? बहुधा एकही नाही. मग आराखडा मंजूर झाल्यावर आपण मोर्चा काढतो.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. अभ्यासिका सगळ्याच मुलांना हवी आणि बाजार सगळ्यांनाच लागतो. म्हणून निवेदनावर शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची, शिक्षकांची, सगळ्या समाजांची सही घ्या. पूर्वजांच्या कापसावर आणि घामावर ही लाईन कमावती झाली. तिची जमीन आपल्याकडे गावाची अमानत आहे. तिवशाला स्टेशन नाही, म्हणून आम्हाला गमवायलाही काही नाही. पण अचलपूर, कारंजा आणि आर्वीच्या भावाबहिणींनो, तुमच्याकडे आहे. या जुम्म्यानंतर दहा जण बसा आणि तो पहिला अर्ज लिहूनच उठा.