पिल्लाची लस, घराचे आरोग्य

पावसाळा ओसरला की पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली भागातील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आणि बांधकामांच्या वाळूच्या ढिगांवर कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. मुले त्यांना बिस्किटे घालतात आणि आठवडाभरात एखादे पिल्लू घरात येते. काही घरांत ते पैसे मोजून आणले जाते. नाव ठरते, पट्टा येतो, निजायला गादी येते. लस मात्र ‘अजून लहान आहे, जरा मोठे होऊ दे’ म्हणून मागे पडते. पिल्लाचे लसीकरण हा हौशी श्वानप्रेमींचा खासगी मामला आहे, असाच सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो त्या घरातील आणि शेजारच्या मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

याचे मुख्य कारण रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश मृत्यू एकट्या भारतात होतात. माणसांना होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्याकडून आलेला असतो. संशयित कुत्रे चावलेल्यांमध्ये सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालची असतात. पाण्याचा घोट घेताना घशाला आचके येणे, वाऱ्याच्या झुळुकीनेही दचकणे अशी लक्षणे एकदा सुरू झाली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात, कधी वर्षही लागते. तोवर चावल्याची आठवणही पुसट झालेली असते.

पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज घातक आहे. रस्त्यावरच्या पिल्लाच्या आईला बहुधा लस मिळालेली नसते आणि घरी येण्यापूर्वी त्याला कोण चावले हे कोणालाच ठाऊक नसते. त्यात रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. म्हणजे दुधाचे सुईसारखे दात घेऊन पिल्लू दिसेल ते चावत असते, नेमके तेव्हाच ते असुरक्षित असते. या काळात त्याला बाहेरच्या कुत्र्यांत मिसळू देऊ नये आणि लहान मुलांना त्याच्याबरोबर एकटे सोडू नये.

लस याहून आधी देऊन मोकळे का होता येत नाही, यामागे शास्त्र आहे. जन्मानंतरच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात. ती पिल्लाला जपतात, पण लसही निष्प्रभ करतात. त्यांचा प्रभाव कोणत्या पिल्लात कधी संपेल हे सांगता येत नाही, साधारण सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान तो ओसरतो. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांविरुद्धची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस वर्षाने पुन्हा आणि त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तशी द्यायची असते. ‘विकणाऱ्याने एक लस दिली आहे’ एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच चुकीचे. मुळात आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास नियमानेच मनाई आहे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. दुकानातून आणून पिशवीत फिरवलेली आणि ओळखीच्या कोणाकडून टोचून घेतलेली लस कुचकामी ठरू शकते. पशुवैद्यकाची सही आणि लसीचा बॅच क्रमांक असलेले कार्ड हाच खरा पुरावा.

रायगडसारख्या पावसाच्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करायला हवा. हा रोग मुख्यतः उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, पण लागण झालेल्या कुत्र्याच्या मूत्रातूनही त्याचे जंतू बाहेर पडतात. कुत्र्यांच्या अनेक एकत्रित लसींमध्ये लेप्टोचाही समावेश असतो. आपण देत असलेल्या लसीत तो आहे का, हे पशुवैद्यकांना विचारून घ्यावे.

कार्ड असले तरी माणसाचे उपचार टळत नाहीत. घरच्या पिल्लाचा दात लागला, नखाने ओरखडा आला किंवा उघड्या जखमेला त्याने चाटले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर उरलेल्या डोसांचा निर्णय डॉक्टर घेतात. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने अजूनही काही जण चावल्याचे लपवतात. ती जुनी लस दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. घरात कुत्रा असेल तर मुलांना आधीच प्रतिबंधक लस देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोलणेही शहाणपणाचे.

घराघरांतील दक्षतेला सार्वजनिक व्यवस्थेची जोड लागते. ती शक्य आहे, हे कोकणाच्या दक्षिण टोकाला लागून असलेल्या गोव्याने दाखवले. तेथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने २०१३ पासून पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, शाळांतून प्रबोधन आणि संशयित कुत्र्यांची तपासणी ही तिन्ही कामे सातत्याने केली. सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचल्यावर कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ व २०१९ या वर्षांत तेथे माणसाचा रेबीजने एकही मृत्यू झाला नाही. देशानेही कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये स्थापन झाली. तिच्या हद्दीत खारघरसारख्या उंच इमारतींच्या वसाहती आहेत, तशी जुनी गावेही आहेत. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी एखादे शिबिर घेऊन येथे भागणार नाही. पिल्लांच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यानंतरचे तीन-चार महिने, प्रभागवार आणि सुट्टीच्या दिवशी शिबिरे हवीत. त्यांत भटकी पिल्ले आणि त्यांच्या माताही आल्या पाहिजेत. सोसायट्यांनी भटक्या कुत्र्यांवरून भांडत बसण्यापेक्षा आपल्या आवारातील प्रत्येक कुत्र्याच्या लसीची नोंद एका वहीत ठेवली, तर पालिकेचे निम्मे काम सोपे होईल.

ज्यांच्या घरी या आठवड्यात पिल्लू आले असेल, त्यांनी त्याचे अंदाजे वय कागदावर मांडावे आणि पशुवैद्यकाकडून सोळा आठवड्यांपर्यंतच्या तारखा ठरवून घ्याव्यात. एकही तारीख चुकवू नये.