टाकाऊ पिष्टाचा हिशेब

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. तरीही भाजीबाजारात पातळ पिशवी दिसतेच. वस्तू निषिद्ध ठरली तरी तिची गरज उरते. म्हणूनच खाद्योद्योगांतील टाकाऊ पिष्टापासून विघटनशील फिल्म बनविण्याच्या प्रयोगांचा आर्थिक अंगानेही विचार व्हावयास हवा.

उदाहरण आपल्या उपवासाच्या ताटातलेच घेऊ. आपला साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतील सेलम परिसरातून येतो. तेथे टॅपिओकाचे कंद किसून व पाण्याने धुऊन पिष्ट वेगळे काढतात. उरलेल्या चोथ्यातही बरेच पिष्ट शिल्लक राहते. ते पाण्यात तापविले की खळ होते. तीत ग्लिसरीन मिसळून पातळ थर वाळविला की लवचिक फिल्म मिळते. चोथ्यातील तंतूंमुळे तिला बळकटीही येते. मात्र ती ओलावा शोषते. तेव्हा दुधाच्या पिशवीला ती चालणार नाही. सुक्या मालाच्या अल्पकालीन वेष्टनास चालू शकेल.

तथापि, टाकाऊ म्हणजे फुकट, हे गृहीत बरोबर नाही. हा चोथा वाळवून पशुखाद्यासाठी विकला जातो. फिल्मसाठी मागणी वाढली की त्याचा भाव चढेल आणि त्याची झळ गोठ्याला बसेल. शिवाय ओला चोथा लवकर आंबतो. वाळवणी व वाहतुकीचा खर्च निराळाच.

मग साधे प्लॅस्टिक स्वस्त का? तुंबलेली गटारे उपसण्याचा खर्च पिशवीच्या किमतीत धरलेला नसतो. तो नगरपालिका, म्हणजेच करदाता सोसतो. असा सामाजिक खर्च कराच्या रूपाने उत्पादनावरच बसवावा, हा विचार ए. सी. पिगू यांनी १९२० सालीच मांडला होता. केंद्राने २०२२ मध्ये वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे पाऊल त्याच दिशेचे होय. पण बाजारात दंडाची पावती फाटते ती बहुधा हातगाडीवाल्याच्या नावाने. त्याच्या हाती परवडणारा पर्याय न देता केलेली सक्ती न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही.

शासनाने प्लॅस्टिकवरील कराचा काही भाग अशा फिल्मच्या लघुउद्योगांकडे वळवावा आणि ओल्या कचऱ्याच्या वेगळ्या संकलनाची व्यवस्था लावावी. कारण विघटनशील फिल्मदेखील मिश्र कचऱ्याच्या ढिगात गेली, तर तिच्यावर केलेला सारा खर्च व्यर्थ ठरेल.