नियम आधी कुणी मोडला?

‘मुली हल्ली नियम पाळत नाहीत, जरा समज द्या,’ असं म्हणत एका वसतिगृहाच्या रेक्टरबाई आमच्याकडे आल्या. मी मुलींशी बोलले. आत्याच्या नावाची खोटी चिठ्ठी दिलेली एकजण म्हणाली, “ताई, लायब्ररी दहापर्यंत उघडी असते. आम्हाला सातला आत यावं लागतं. मुलांना कुणी विचारतही नाही.”

आता सांगा, बेशिस्त कुणाची? छेड काढणारा मोकळा फिरतो आणि कोंडली जाते ती मुलगी! पालकांची काळजी खोटी नाही. पण खोटं सांगून बाहेर पडलेली मुलगी अडचणीत सापडली, तर फोन कुणाला करणार? रेक्टरबाईंना तर नाहीच. म्हणजे सुरक्षेसाठी केलेला नियमच तिला एकटं पाडतो.

२०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत हा प्रश्न रस्त्यावर आणला. विद्यापीठ अनुदान आयोगाची लैंगिक छळविरोधी नियमावली २०१६ साली जाहीर झाली. सुरक्षेचं कारण देऊन वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. मग आधी नियम मोडला तो संस्थांनीच ना?

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या वसतिगृहाची नियमांची पाटी एकदा वाचून या. ही नियमावली सोबत न्या. मुलींना समज नंतर देऊ. आधी मुलींना बरोबर घेऊन, त्यांना विचारून नियम नव्याने लिहायला लावू या.